एका नालायक संपादकाची बाजू

लढाईचं वातावरण तापलं की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो आणि ठरल्यासारखाच दोन वाक्यांवर येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, "सीमेवर जवान मरतायत आणि हे इथे बसून सरकारला जाब विचारतायत, बंद करा यांना." दुसरी म्हणते, "जाब विचारणारा संपादकच खरा देशभक्त." २०२५च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, हेच झालं. आठ हजारांहून जास्त खाती बंद करण्याचे सरकारी आदेश आल्याचं 'एक्स'ने जाहीर केलं, 'द वायर'चं संकेतस्थळ काही काळ उघडेनासं झालं, आणि त्याच दिवसांत कराची बंदर बेचिराख झाल्याची खोटी बातमी घसा फोडून सांगणाऱ्या वाहिन्या बिनघोर चालू राहिल्या. त्या वादात एक दाखला फार फिरला, अजूनही फिरतो : "अहो, लिंकनने सुद्धा वर्तमानपत्रं बंद केली होती!" एवढं म्हटलं की समोरचा गप्प बसतो. लिंकनपेक्षा मोठा लोकशाहीवादी आणायचा कुठून?

दाखला खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग सांगायचा तर विल्बर स्टोरी नावाच्या एका माणसाची ओळख करून घ्यावी लागते, आणि ती फारशी सुखाची नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिकागोचा हा संपादक नालायक होता, त्याचं वर्तमानपत्र विखारी होतं, आणि तरीही लष्कराने ते बंद केलं हे चूकच झालं. त्याच्या बाजूने उभं राहायला तो चांगला होता असं सिद्ध करावं लागत नाही. मरणारी म्हातारी कोण होती यावर आपण भांडत बसतो. काळ सोकावतो त्याचं काय, हे विचारायचं राहून जातं.

स्टोरी १८१९ साली व्हरमाँटमध्ये जन्मला आणि पोरवयातच छापखान्यात खिळे जुळवायला लागला. सतराव्या वर्षी न्यूयॉर्कला जाऊन 'जर्नल ऑफ कॉमर्स'मध्ये जुळारी झाला. मग पश्चिमेकडे सरकत इंडियाना, मिशिगन, आणि १८५३ पासून डेट्रॉइटचा 'फ्री प्रेस'. डबघाईला आलेलं वर्तमानपत्र पायावर कसं उभं करायचं हे त्याला हाडामासातून कळत होतं. १८६१च्या जानेवारीत, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरीवरून पेटलेली यादवी लढाई सुरू व्हायच्या आधीच, त्याने डेट्रॉइटमधून इशारा दिला होता की दक्षिणेवर चाल करून जाणाऱ्या फौजांवर पाठीमागून गोळीबार होईल. 'पाठीमागचा गोळीबार' हे शब्द पुढे लिंकनच्या तोंडीही आले. १८६३च्या सुरुवातीला त्याने सिनेटर सम्नरला सांगितलं की रणांगणावरच्या हारजितीपेक्षा मला या मागच्या आगीची जास्त भीती वाटते. १८६१च्या जूनमध्ये स्टोरीने 'शिकागो टाइम्स' विकत घेतला. विकणारा होता कापणीयंत्रांचा कारखानदार सायरस मॅककॉर्मिक. बातमी छापणं आणि हलकल्लोळ माजवणं हे वर्तमानपत्राचं कर्तव्य, हे स्टोरीच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य याच काळातलं. रणांगणावरच्या बातमीदाराला त्याने दिलेली ताकीदही प्रसिद्ध आहे : मिळतील त्या सगळ्या बातम्या तारेने पाठव, आणि बातमी नसेल तेव्हा अफवा पाठव. आपल्या वाहिन्यांचा मूळपुरुष शोधायचा असेल तर इथे सापडेल.

आरंभी तो लढाईच्या विरोधात नव्हता. देश एक राहावा, राज्यघटना टिकावी, एवढ्यासाठी लढायला त्याची हरकत नव्हती. पण लिंकनने १८६२च्या सप्टेंबरात गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, १८६३च्या १ जानेवारीला तो अमलात आला, आणि स्टोरी पिसाळला. काळ्या माणसांबद्दल त्याने जे लिहिलं, छापलं आणि मथळ्यांत मिरवलं ते इथे उतरवून घेण्यात अर्थ नाही. ते चुकून घसरलेले शब्द नव्हते, रोजचा रतीब होता. लिंकनचं गेटिसबर्गचं ते अडीच-तीन मिनिटांचं भाषण झाल्यावर 'टाइम्स'ने लिहिलं की असलं खुळचट, पाणचट बोलणं वाचून प्रत्येक अमेरिकनाचे गाल शरमेने जळतील. साहित्याची परीक्षा म्हणून हे हास्यास्पद, पण लिहिण्याचा अधिकार त्याला होता. वंशद्वेषाबद्दल इतक्या सहज तसं म्हणवत नाही, आणि तिथे मी पुढे परत येणार आहे.

आता १८६३चा जून. ओहायो विभागाचा लष्करी प्रमुख होता जनरल अँब्रोज बर्नसाइड. एप्रिलमध्ये त्याने ३८ क्रमांकाचा हुकूम काढून शत्रूबद्दल सहानुभूती बोलून दाखवायलाच बंदी घातली होती. मे महिन्यात त्या हुकुमाखाली माजी काँग्रेस सदस्य क्लेमेंट व्हॅलँडिघमला रात्री घरातून उचललं, लष्करी न्यायमंडळापुढे उभं केलं आणि शिक्षा ठोठावली. १ जूनला हुकूम क्रमांक ८४ निघाला : देशद्रोही आणि भडकाऊ मतं वारंवार व्यक्त केल्यामुळे 'शिकागो टाइम्स' बंद. स्टोरीचे वकील रात्रीच संघराज्याच्या न्यायाधीशाकडे धावले. न्यायमूर्ती ड्रमंडने मध्यरात्र उलटल्यावर हुकूम दिला की सुनावणी होईपर्यंत लष्कराने थांबावं. लष्कर थांबलं नाही. ३ जूनच्या पहाटे कॅम्प डग्लसमधले सैनिक कचेरीत शिरले, यंत्रं बंद केली, छापलेले अंक फाडले. सकाळी ड्रमंडच्या शेजारी न्यायासनावर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस बसलेला होता. लिंकनचा जुना मित्र, १८६० साली त्याच्या उमेदवारीसाठी झटलेला माणूस. संध्याकाळी शिकागोत सुमारे २०,००० लोक जमले. 'टाइम्स' बंद राहणार असेल तर प्रतिस्पर्धी 'ट्रिब्यून'ही चालू देणार नाही अशी भाषा सुरू झाली, आणि बंदीला पाठिंबा देणाऱ्या 'ट्रिब्यून'च्या दारात पहारा बसवायची पाळी आली. शहरातल्या प्रतिष्ठितांनी, त्यात लिंकनच्या पक्षाचेही होते, वॉशिंग्टनला विनंती केली. ४ जूनला लिंकनने हुकूम मागे घ्यायला लावला.

तर 'लिंकनने वर्तमानपत्र बंद केलं' या दाखल्याचा हा उरलेला अर्धा भाग. बंद केलं बर्नसाइडने, उघडलं लिंकनने, तेही तीन दिवसांत. पण दुसऱ्या बाजूच्या मित्रांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. लिंकन तत्त्वासाठी ताठ उभा राहिला असं काही झालं नाही. शिकागोहून उलटसुलट तारा आल्यावर त्याने दुसरा निरोप पाठवला होता : हुकूम अजून मागे घेतला नसेल तर तूर्त राहू दे. तोवर उशीर झाला होता, अंक बाहेर पडला होता. वर्षभराने त्याने स्वतःच एका पत्रात कबूल केलं की लष्कराची गरज एकीकडे आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य दुसरीकडे, यांत तो पेचात सापडला होता. मला हा कबुलीजबाब आवडतो. आपल्या चर्चांत पेचात सापडलेला माणूस दिसतच नाही.

बंदीच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दाही लिंकनचाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. स्टोरीचं वर्तमानपत्र उघडून आठवडाच झाला होता तेव्हा, १२ जूनला, लिंकनने व्हॅलँडिघमच्या अटकेचा निषेध करणाऱ्या इरॅस्टस कॉर्निंग आणि त्याच्या सहकाऱ्यांना लिहिलं : पळून जाणाऱ्या भोळ्या पोराला मी गोळी घालायची, आणि त्याला पळायला भरीस घालणाऱ्या कावेबाज चिथावणीखोराच्या केसालाही धक्का लावायचा नाही? हे वाक्य वाचून अंगावर काटा येत नसेल तर माणूस युद्धाबद्दल बोलायला लायक नाही. आघाडीवर मरतो तो शेतकऱ्याचा पोर. संपादक कचेरीत सुरक्षित असतो, पोटभर जेवतो, आणि खप वाढला म्हणून खूशही होतो. या विषमतेचा राग खरा आहे. आपल्याकडे 'बंद करा यांना' म्हणणाऱ्या प्रत्येकाला सत्तेचा भाट समजणं म्हणूनच चूक आहे. त्यातल्या अनेकांच्या घरातला कोणीतरी खरंच सीमेवर असतो.

पण पोर पळतो कशाने, हे तपासायला नको? १८६२च्या डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेच्या सेनेने दगडी भिंतीआड दबा धरून बसलेल्या शत्रूवर लाटेमागून लाट पाठवली आणि १२,०००हून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. त्यानंतरच्या हिवाळ्यात सैनिक मोठ्या संख्येने पळाले. त्या दिवशी सेनापती कोण होता? हाच अँब्रोज बर्नसाइड. त्याच्या जागी आलेल्या जोसेफ हूकरने पळापळ आटोक्यात आणली, ती कशी? ताजा पाव, भाजीपाला, स्वच्छ छावण्या आणि क्रमाने घरी जायची रजा. त्यासाठी त्याला एकही छापखाना बंद करावा लागला नाही. सेनेचं मनोधैर्य स्टोरीच्या अग्रलेखाने जास्त खचलं की बर्नसाइडच्या आज्ञेने, याचा निवाडा प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. मात्र ज्याच्या चुकीने फौज खचली त्याच्याच हातात, फौज कशाने खचली हे ठरवायचा अधिकार दिला की उत्तर काय येणार? 'वर्तमानपत्रांमुळे' हेच येणार. चूक झाकायला याहून स्वस्त झाकण नाही.

हूकरबद्दल आणखी एक गोष्ट, जरा आडवळणाची. फौजेच्या हालचाली छापून येतात आणि शत्रू त्या वाचतो, ही त्याची तक्रार रास्त होती. दक्षिणेचे सेनापती उत्तरेची वर्तमानपत्रं मिळवून वाचत हे सर्वांना ठाऊक होतं. १८६३च्या एप्रिलअखेर त्याने हुकूम काढला की बातमीदाराने मजकुराखाली स्वतःचं नाव द्यावं. लिहा, पण आपल्या नावाने लिहा. फौजेचा ठावठिकाणा, तोफांची संख्या, कूच कधी, हे युद्धकाळात छापायला बंदी असावी, आणि ती मोडणाऱ्यावर खटला व्हावा, याबद्दल माझा अजिबात वाद नाही. २६/११च्या रात्री वाहिन्यांनी कमांडोंची कारवाई थेट दाखवली तो गुन्हाच होता असं मी मानतो. पण स्टोरीवर असा आरोपच नव्हता. हुकूम क्रमांक ८४ मध्ये गुपितं फोडल्याचा उल्लेख नाही, आहे तो 'मतांचा'. आजही बंदीच्या समर्थकांची हातचलाखी इथेच असते. उदाहरण देतात गुपिताचं आणि बंदी मागतात मतावर.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे, आणि तो मांडणारे बहुतेक वेळा दुसऱ्याच टोकाला उभे असतात. ते म्हणतात, स्वातंत्र्याच्या गप्पा ज्यांच्या अंगावर चिखल उडत नाही त्यांनी माराव्यात हे सोपं आहे. स्टोरीच्या शिकागोत राहणाऱ्या काळ्या माणसाला विचारा. 'टाइम्स' उघडल्यावर सव्वा महिन्यात, १८६३च्या जुलैत, न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल उसळली. जमावाने काळ्या माणसांना रस्त्यात पकडून दिव्याच्या खांबांना फाशी दिलं, काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला, शंभरावर माणसं गेली. ती दंगल शिकागोच्या अंकाने पेटवली असं कोणी म्हणणार नाही. पण 'तुमच्या रक्तावर यांना मोकळं करतायत' हे विष महिनोन् महिने पाजणाऱ्यांत स्टोरी अग्रभागी होता. तेव्हा त्याचं तोंड बंद केलं असतं तर बिघडलं काय असतं?

या प्रश्नाला मी दोन गोष्टी सांगेन. पहिली अशी की स्टोरीचं तोंड या विषासाठी बंद केलंच नव्हतं. हुकुमाचे शब्द पुन्हा वाचावेत. देशद्रोही, भडकाऊ. काळ्या माणसाविषयी अक्षरही नाही. लिंकनला शिव्या न घालता त्याने फक्त काळ्यांना घातल्या असत्या तर बर्नसाइडच्या सैनिकांनी यंत्राला हातही लावला नसता. युद्धकाळातली बंदी दुबळ्याच्या संरक्षणासाठी म्हणून मागितली जाते आणि वापरली जाते सरकारच्या संरक्षणासाठी. दुसरी गोष्ट त्याच इलिनॉय राज्यातली. तिथल्या आल्टन गावात १८३७च्या ७ नोव्हेंबरला जमावाने एलायजा लव्हजॉय या संपादकाला गोळ्या घातल्या आणि त्याचं छपाईयंत्र मोडून नदीत फेकलं. त्याचा गुन्हा काय? गुलामगिरीविरुद्ध लिहीत होता. शांतता भंग होते, लोक भडकतात, हीच तक्रार. १८३५ साली चार्ल्सटनमध्ये गुलामगिरीविरोधी मजकुराची टपाल पेटवून दिली, तीही याच नावाखाली. १८६०च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये गुलामगिरीविरोधी सभा उधळली गेली तेव्हा स्वतः गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस उभा राहिला आणि म्हणाला की गुलामगिरीला मोकळं बोलणं सोसत नाही. ज्याच्यावर सगळ्यात जास्त चिखल उडाला होता त्या माणसाने चिखलफेक्याचं तोंड शिवायची मागणी केली नाही, स्वतःचं तोंड उघडं ठेवायची केली. 'भडकाऊ' या शिक्क्याचा पहिला मार कोणावर बसतो हे त्याला पाठीवरच्या वळांनी शिकवलेलं होतं.

इथे कोणीतरी रवांडा काढेल, आणि काढलाच पाहिजे. १९९४च्या हत्याकांडात तिथल्या रेडिओवरून माणसांची नावं आणि ठिकाणं वाचली जात होती, आणि ऐकणारे कोयते घेऊन तिथे पोचत होते. हे मत नव्हे, हत्येतला सहभाग आहे. ते प्रक्षेपण जगाने बंद पाडायला हवं होतं यात मला शंका नाही. तिथल्याच 'कांगुरा' या नियतकालिकाचा संपादक हसन न्गेझे याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलं, अपिलात शिक्षा ३५ वर्षांवर आली. नाझी जर्मनीतला यूलियस श्ट्रायखर, 'डेर श्ट्युर्मर'चा संपादक, न्युरेम्बर्गच्या खटल्यानंतर १९४६ मध्ये फासावर गेला. पण या दोघांत एक साम्य आहे ते बंदीचे समर्थक सोयीने विसरतात. दोघेही सत्तेच्या मर्जीतले होते. त्यांच्या सरकारांकडे बंदीचे अधिकार नव्हते का? भरपूर होते. ते वापरले गेले ते विरोधकांवर. इतिहासातल्या सर्वांत रक्तपिपासू संपादकांना सरकारी टाळं कायमचं लागलंच नाही, कारण किल्ली त्यांच्याच दोस्तांच्या खिशात होती. कराची बंदर बुडवणाऱ्या वाहिन्यांशी मी यांची तुलना करत नाही. टाळं कोणत्या दाराला लागतं एवढंच बघा म्हणतो.

आता घराजवळ येऊ. मुंबईत ज्याच्या नावाने फोर्टातली ती गोल बाग ओळखली जाते, तो बेंजामिन गाय हॉर्निमन. फिरोजशहा मेहतांनी १९१३ साली काढलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक, जातीने इंग्रज, होमरूलवाला. २६ एप्रिल १९१९ रोजी त्याला हद्दपार करून बोटीवर चढवलं. कायदा कोणता? भारत संरक्षण कायदा, १९१५चा, जर्मनीशी चाललेल्या युद्धासाठी केलेला. लढाई थांबून तोवर साडेपाच महिने झाले होते. आरोप काय, हे भारतमंत्री माँटेग्यूने पार्लमेंटात सांगितलं : अशांतता भडकलेली असताना यांनी तेल ओतलं, दिल्लीच्या रस्त्यांवर सैनिकांनी मऊ टोकाच्या गोळ्या वापरल्या असा आरोप छापला, आणि गोऱ्या सैनिकांत असंतोष पसरावा म्हणून अंक फुकट वाटले. सैनिकाला फितवणारा संपादक! लिंकनचा भोळा पोर आणि कावेबाज चिथावणीखोर, जसाच्या तसा. स्टोरीवरची कारवाई ज्याला योग्य वाटते त्याने हॉर्निमनवरचीही योग्य म्हणावी आणि मग हुतात्मा चौकाकडून चालत जाऊन त्या बागेच्या पाटीखाली दोन मिनिटं उभं राहावं.

लगेच उत्तर येईल, "काहीतरीच काय! हॉर्निमन परक्या सत्तेविरुद्ध होता, जालियनवाला बागेचं सत्य बाहेर काढत होता. स्टोरी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध होता, आणि गुलामगिरीची तळी उचलत होता." हा फरक खरा आहे, फार मोठा आहे, आणि तो आपण शंभर वर्षांनी बाकावर बसून करतोय. १९१९च्या एप्रिलमध्ये तो फरक करायचं काम मुंबईच्या गव्हर्नराकडे होतं, १८६३च्या जूनमध्ये बर्नसाइडकडे. दोघांनाही समोरचा माणूस स्टोरीच वाटत होता. बंदीच्या कागदावर 'हॉर्निमनला वगळून' असं लिहायची सोय नसते. बर्नसाइडचाच हाताखालचा अधिकारी हॅस्कल इंडियानात बसला होता. त्याने सरकारच्या युद्धधोरणाची बदनामी करणाऱ्या वर्तमानपत्रांना शत्रूत जमा करण्याचा हुकूम काढला आणि गावोगावच्या छोट्या संपादकांमागे लागला. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

आणि परतीचं काय? युद्धाच्या नावाने घेतलेला अधिकार युद्ध संपल्यावर परत येतो का? १९७१च्या ३ डिसेंबरला पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा जाहीर झालेली आणीबाणी चौदा दिवसांच्या लढाईनंतर उठली नाही. १९७५च्या जूनमध्ये तिच्यावर दुसरी बसली, आणि दोन्ही १९७७ सालीच उठल्या. मधल्या काळात मुंबईत मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. ते उच्च न्यायालयात गेले आणि १९७६च्या फेब्रुवारीत, ऐन आणीबाणीत, न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी सेन्सॉरचे आदेश रद्द केले. त्या निकालाची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही, निघायला हवी. अमेरिकेतही न्यायालयाला वेळ लागला. लढाई संपल्यावर, १८६६ साली, सर्वोच्च न्यायालयाने मिलिगन खटल्यात सांगितलं की जिथे नागरी न्यायालयं उघडी आहेत तिथे नागरिकाचा न्याय लष्करी मंडळ करू शकत नाही. निकाल लिहिणारा न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस. तीन वर्षांपूर्वी शिकागोत ड्रमंडच्या शेजारी बसलेला तोच.

"मग द्वेषाला उत्तर काय? मोकाट सोडायचं?" शिकागोतल्या बंदीने काय साधलं ते आधी पाहावं. स्टोरीचा खप वाढला, आणि तो हुतात्म्याच्या थाटात वावरू लागला. याउलट व्हॅलँडिघमचं बघा. लिंकनने त्याची शिक्षा बदलून त्याला दक्षिणेकडे हाकललं. तिथून तो कॅनडात पोचला आणि सीमेपलीकडून ओहायोच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढला. १८६३च्या ऑक्टोबरात मतदारांनी त्याला सुमारे १,००,००० मतांनी पाडला. सैनिकांनीही छावण्यांतून मतदान केलं आणि प्रचंड बहुमताने त्याच्या विरोधात केलं. ज्या भोळ्या पोरांना कावेबाज माणूस फितवेल अशी भीती होती त्या पोरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मत दुसऱ्याला दिलं. पुढल्या वर्षी स्टोरी रोज लिंकनवर गरळ ओकत असताना लिंकनने इलिनॉयही जिंकलं. स्टोरी १८८४ साली वेड लागून मेला. त्याआधी खून-फाशांच्या किळसवाण्या मथळ्यांसाठी आणि एका नटीच्या हातून भर रस्त्यात चाबकाचा मार खाण्यासाठी प्रसिद्ध झाला.

राहिला खोट्या बातमीचा मुद्दा, आजच्या घडीला सगळ्यात जास्त वाजवला जाणारा. मत वेगळं आणि धादांत खोटं वेगळं, निदान खोट्यावर तरी तातडीने टाळं हवं, असं समंजस माणसंही म्हणतात. इथे लिंकनचा अर्धा नव्हे, पूर्ण दाखला आहे, आणि तो शिकागोचा नाही. १८ मे १८६४च्या पहाटे, रात्रपाळीचे संपादक घरी गेलेले असताना, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत असोसिएटेड प्रेसची वाटावी अशी एक तार पोचली. उत्तरेचा सेनापती ग्रँटची फौज व्हर्जिनियात रक्तबंबाळ होत होती तो आठवडा. तारेत लिंकनची घोषणा होती : देशाने उपासाचा दिवस पाळावा, आणि आणखी ४,००,००० माणसं भरती व्हावीत. बहुतेकांनी चौकशी केली आणि छापली नाही. 'वर्ल्ड' आणि 'जर्नल ऑफ कॉमर्स', म्हणजे स्टोरी पोरवयात जिथे खिळे जुळवत होता तेच, फसले. दोन्ही विरोधी पक्षाची. या वेळी हुकमावर सही स्वतः लिंकनची होती. संपादक, मालकांना पकडा, कचेऱ्या ताब्यात घ्या. दोन दिवसांत खरा गुन्हेगार सापडला : जोसेफ हॉवर्ड नावाचा पत्रकार, सोन्याचे भाव चढवून पैसा करण्यासाठी बनावट तार लिहिणारा. दोन्ही वर्तमानपत्रं पुन्हा सुरू झाली आणि 'वर्ल्ड'च्या मँटन मार्बलने राष्ट्राध्यक्षाला उघड पत्रात विचारलं की हीच फसवणूक तुमच्या पक्षाच्या, न्यूयॉर्कच्याच 'ट्रिब्यून' आणि 'टाइम्स'ची झाली असती तर तुम्ही त्यांना टाळं ठोकलं असतं का? लिंकनने उत्तर दिलं नाही. ती बनावट तार आली तेव्हा त्याच्या स्वतःच्या कागदपत्रांत ३,००,००० माणसांच्या भरतीच्या हुकमाचा मसुदा तयार होता. पुढे दोन महिन्यांनी, १८ जुलै १८६४ रोजी, त्याने खरोखरच माणसं मागितली. ४,००,००० नव्हे, ५,००,०००.